धनुष्कोडी : एका स्टेशनाचा इतिहास

आमच्या देव्हाऱ्यांत एक लहानशी पितळी डबी आहे. तिच्यांत मूठभर वाळू आहे. आमची आजी १९५६ सालीं रामेश्वरच्या यात्रेस गेली, तेव्हां तिनें ती धनुष्कोडीच्या किनाऱ्यावरून आणली. शिरस्त्याप्रमाणें सेतूवरची ही वाळू प्रयागास नेऊन त्रिवेणींत सोडावयाची आणि गंगेचें पाणी रामेश्वरास आणून देवास घालावयाचें. मग काशी-रामेश्वराची यात्रा पुरी होते. आजीला प्रयागास जाण्याचा योग पुढें आला नाहीं, आणि वाळू डबींतच राहिली. रामेश्वरच्या देवळाविषयीं आजी जें सांगे तें इतर यात्रेकरूही सांगत. परंतु धनुष्कोडीच्या स्टेशनाचा विषय निघाला कीं ती एक वाक्य नेमानें बोले : "अरे, तिथं गाडी थेट समुद्रांत जाऊन उभी राहायची." लहानपणीं आम्हांस ही अतिशयोक्ति वाटे. पुढें जुने नकाशे पाहण्यांत आले तेव्हां कळलें कीं, आजीनें पाहिलें तेंच सांगितलें होतें.

तें स्टेशन आज नाहीं. १९६४ च्या डिसेंबरांत वादळ आलें आणि स्टेशन वाहून गेलें, असें त्याच्या अंताविषयीं सांगण्याचा प्रघात आहे. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. वादळानें इमारत पडते. पडलेली इमारत पुन्हां उभारावयाची कीं नाहीं, हें माणसें ठरवितात. त्याच रात्रीं त्याच वादळानें मोडलेला पांबनचा पूल ४६ दिवसांत दुरुस्त झाला. त्या पुलापलीकडचें धनुष्कोडी मात्र साठांहून अधिक वर्षें पडून राहिलें. असें कां व्हावें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्यासारखा आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर आधीं हें स्टेशन तेथें कशासाठीं आलें, हें पाहिलें पाहिजे.

मंडपमपाशीं भारताची मुख्य भूमि संपते. तेथून पांबनची खाडी ओलांडली म्हणजे रामेश्वरचें बेट लागतें, आणि ह्या बेटाच्या आग्नेय अंगास वाळूचा एक चिंचोळा पट्टा समुद्रांत दूरवर गेला आहे. टोंकाकडे चालूं लागलें म्हणजे डाव्या हातास बंगालच्या उपसागराचें पाणी, त्यास यात्रेकरू महोदधि म्हणतात. उजव्या हातास मन्नारच्या आखाताचें पाणी, तो रत्नाकर. पट्ट्याच्या शेवटीं दोन्ही समुद्र एक होतात. तेथून लंकेच्या तलैमन्नारपर्यंत उथळ पाण्यांतून वाळूच्या बेटांची जी ओळ गेली आहे, तिला आपण रामसेतु म्हणतों आणि इंग्रजी नकाशे आदमचा पूल म्हणतात. तमिळ भाषेंत 'कोडि' म्हणजे टोंक. बिभीषणाच्या विनंतीवरून रामचंद्रांनीं आपल्या धनुष्याच्या टोंकानें सेतु भंगला, अशी ह्या नांवामागची कथा आहे. लंकेस जोडणारा सेतु जेथून निघाला त्या जागेस नांव मिळालें तें सेतु बांधल्याचें नव्हे, मोडल्याचें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

आगगाडी येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें ह्या टोंकाकडे यात्रेकरूंची वाट वाहत होती. काशीचें गंगोदक कावडींतून रामेश्वरास नेत असतां नाथमहाराजांनीं तें तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास पाजलें, ही कथा महाराष्ट्रांत लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या कथेची सगळी थोरवी वाटेच्या लांबींत आहे. कित्येक महिने खांद्यावर वाहिलेलें पाणी होतें तें. गाडींतून आणलेलें नव्हे. यात्रेस निघणारा माणूस घरच्यांचा निरोप घेई तो पुन्हां भेट होईल न होईल अशा भावनेनें. ह्या वाटेवर राज्यकर्त्यांनीं अन्नछत्रें बांधलीं. रामनाडचे राजे तर स्वतःस सेतुपति म्हणवीत, म्हणजे सेतूचे राखणदार. तंजावरच्या भोसल्यांनींही ह्या कामीं हात आखडला नाहीं. दुसऱ्या सरफोजी महाराजांनीं ओरत्तनाडू येथें १८०२ च्या सुमारास मुक्ताम्बाळेच्या स्मरणार्थ बांधलेलें छत्र आजही उभें आहे. रामेश्वरास जाणाऱ्या वाटसरूस तेथें अन्न आणि आसरा मिळे. मराठी मुलखांतून पायीं आलेल्या किती जणांनीं त्या परक्या प्रांतांत आपल्या भाषेचे दोन शब्द ऐकून सुस्कारा टाकला असेल!

परंतु रेल्वे धनुष्कोडीपर्यंत गेली ती यात्रेकरूंसाठीं नव्हे. ती गेली लंकेसाठीं. एकोणिसाव्या शतकांत दक्षिण भारतांतून कोलंबोस जावयाचें तर तुतिकोरिनपर्यंत गाडीनें आणि पुढें आगबोटीनें समुद्राचा लांब टप्पा ओलांडून जावें लागे. सेतूच्या उथळ पाण्यांतून रूळ घालून भारत व लंका जोडावीं, असे बेतही निरनिराळ्या वेळीं झाले. पण खर्चाच्या मानानें ते कागदावरच राहिले. अखेर साउथ इंडियन रेल्वेनें मधला मार्ग पत्करला. पांबनच्या खाडीवर पूल बांधावयाचा, बेटावरून रूळ धनुष्कोडीच्या टोंकाशीं न्यावयाचे, आणि उरलेले वीस-बावीस मैल आगबोटीनें ओलांडावयाचे. पुलाचें काम १९११ सालीं सुरू झालें आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं तो खुला झाला. दोन किलोमीटरांहून थोडा लांब, एकशें चाळिसांहून अधिक गाळ्यांचा हा पूल. मधला गाळा दोन पाखांचा. जहाज यावयाचें असलें म्हणजे माणसें हातांनीं चक्रें फिरवून तीं पाखें वर उचलीत. शर्झर नांवाच्या अमेरिकन इंजिनियराच्या पद्धतीचा तो गाळा होता. पलीकडे लंकेच्या सरकारनेंही त्याच सुमारास आपले रूळ तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत आणले.

अशा रीतीनें 'बोट मेल' सुरू झाली. मुख्य मार्ग पांबनहून सरळ धनुष्कोडीस जाई, आणि रामेश्वर त्याच्या फांट्यावर पडे. देवाचें गांव फांट्यावर आणि बंदर मुख्य मार्गावर, ह्यावरून हे रूळ कोणाच्या गरजेनें पडले तें स्पष्ट होतें. संध्याकाळीं मद्रासच्या एग्मोर स्टेशनांतून निघालेला उतारू दुसऱ्या दिवशीं दुपारीं धनुष्कोडीस पोंचे, धक्क्यावर उभ्या असलेल्या आगबोटींत बसे, सायंकाळीं तलैमन्नारला दुसऱ्या गाडींत चढे आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं कोलंबोस उतरे. कर्झन, एल्गिन आणि हार्डिंज ह्या व्हाइसरॉयांचीं नांवें घेतलेल्या तीन बोटी प्रथम ह्या कामास लावल्या होत्या; पुढें अर्विन आणि गॉशेन त्यांत आल्या. ओसाड वाळूवर गांव उभें राहिलें. स्टेशन आलें, त्यामागोमाग जकातीची कचेरी, बंदराची कचेरी, टपाल व तार, दवाखाना, शाळा, रेल्वेच्या नोकरांचीं घरें, देऊळ आणि चर्च हीं सारीं आलीं. गोडें पाणी जेथें जपून वापरावें लागतें, तेथें इंजिनासाठीं पाण्याची टांकी बांधली गेली.

ह्या फलाटावर एका वेळीं तीन प्रकारचे उतारू उतरत, आणि त्या तिघांस धनुष्कोडी हें तीन निरनिराळीं ठिकाणें वाटे. पहिला, कोलंबोचें सरळ तिकिट काढलेला गोरा मळेवाला, व्यापारी किंवा वकील. त्यास हें स्टेशन म्हणजे गाडी बदलण्याची जागा. सामान हमालाच्या डोक्यावर चढलें, जकातीच्या शिपायानें खडूची खूण केली, कीं त्याचा धनुष्कोडीशीं संबंध संपला. दुसरा यात्रेकरू. त्याचा प्रवास येथें संपे. दोन समुद्रांच्या संगमावर स्नान करावें, पितरांस तिलांजलि द्यावी, वाळू बांधून घ्यावी आणि परतीच्या गाडीची वाट पाहावी. पृथ्वी येथें संपली, असें त्यास मनापासून वाटे. तिसऱ्याचा प्रवास मात्र येथून सुरू होई. तो लंकेच्या मळ्यांवर मजुरीस निघालेला तमिळ कुणबी.

ह्या तिसऱ्याविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. कारण पहिल्या दोघांनीं आपल्या आठवणी लिहिल्या किंवा निदान नातवंडांस सांगितल्या, तिसऱ्याच्या आठवणी फार थोड्या उरल्या आहेत. लंकेंतील कॉफीचें पीक १८६९ पासून पानांवरच्या तांबेऱ्यानें बसलें आणि मळेवाले चहाकडे वळले. चहाची पानें बारमाही खुडावीं लागतात. म्हणून बारमाही मजूर हवे झाले, आणि कंगाणी नांवाचा मुकादम गांवोगांव फिरून उचल देऊन माणसें जमवूं लागला. पूर्वीं हीं माणसें पडावांतून मन्नारला उतरत आणि तेथून जंगलांतून डोंगराकडे चालत जात. त्या वाटेवर पटकीनें व उपासमारीनें असंख्य मेलीं. रेल्वेनें ती पायपीट संपविली, हें तिचें श्रेय नाकबूल करतां येणार नाहीं. मंडपमला लंकेच्या सरकारची छावणी होती. तेथें मजुरांस कांहीं दिवस रोगराईच्या भयानें अडकवून ठेवीत, तपाशीत आणि मग धनुष्कोडीस पाठवीत. ह्या शतकाच्या नव्हे, मागल्या शतकाच्या आरंभापासून त्यांच्या गळ्यांत एक कथलाचा बिल्ला अडकवीत. त्यावर मळ्याचा आंकडा कोरलेला असे. म्हणजे त्याच फलाटावर साहेबाच्या खिशांत कागदाचें तिकिट असे आणि कुणब्याच्या गळ्यांत कथलाचें. कागदाच्या तिकिटावर जाणाऱ्याचें मुक्कामाचें ठिकाण लिहिलेलें असतें. कथलाच्या तिकिटावर तो कोणाचा आहे हें लिहिलेलें असे.

वाहत्या पाण्यास बांध पडावा तशी ही रहदारी हळूहळू अडत गेली. अकुशल मजुरांनीं लंकेस जाण्यावर हिंदुस्थान सरकारनेंच १९३९ च्या ऑगस्टांत बंदी घातली. लंका १९४८ सालीं स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षीं तेथील नागरिकत्वाचा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांवर राबलेलीं लाखों माणसें एका कायद्यानें कोणत्याच देशाचीं उरलीं नाहींत. काल जी खाडी होती ती आज सरहद्द झाली. धनुष्कोडीच्या फलाटावर गाडी बदलणें हें सामानापुरतें राहिलें नाहीं. पासपोर्ट दाखवावा लागूं लागला. अखेर ३० ऑक्टोबर १९६४ रोजीं लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके ह्यांच्यांत करार झाला. त्यानें ५,२५,००० माणसें भारतानें परत घ्यावीं, ३,००,००० लंकेनें आपलीं म्हणावीं आणि उरलेल्या सुमारें दीड लाखांचा निर्णय मागाहून करावा, असें ठरलें. ज्यांच्याविषयीं ठरलें त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. त्यानंतर दोन महिने पुरे होण्याच्या आंतच वादळ आलें.

तें वादळ १७ डिसेंबरला अंदमानच्या दक्षिणेस जन्मलें, २२ तारखेस लंका ओलांडून निघालें आणि त्या रात्रीं धनुष्कोडीवर आदळलें. पांबनहून रात्रीं बाराच्या सुमारास ६५३ क्रमांकाची उतारूंची गाडी धनुष्कोडीस निघाली. पुष्कळ जण ही गाडी पांबनच्या पुलावरून समुद्रांत पडली असें सांगतात. तें खरें नाहीं. गाडी पूल मागें टाकून, जवळजवळ सबंध वाट चालून, धनुष्कोडीच्या अगदीं तोंडाशीं आली होती. पुढचा सिग्नल वादळानें बंद पडला होता. ड्रायव्हरनें कांहीं वेळ वाट पाहिली, मग लांब शिटी दिली आणि अंधारांत गाडी पुढें घातली, असें त्या रात्रीविषयीं सांगतात. सुमारें सात मीटर उंचीच्या लाटा त्या अरुंद पट्ट्यावरून एका समुद्रांतून दुसऱ्या समुद्रांत जात होत्या. गाडी सबंध गेली. एकही जिवंत सांपडला नाहीं. तारा तुटल्या होत्या, म्हणून बाहेर ही बातमी कळण्यासही वेळ लागला.

गाडींत ११० उतारू आणि ५ रेल्वेचे नोकर होते, असा आंकडा सर्वत्र दिला जातो. तो कोठून आला? विकलेल्या तिकिटांवरून. पांबन-धनुष्कोडीची ही गाडी कोळी, हमाल, फिरते विक्रेते ह्यांच्या नेहमींच्या जाण्यायेण्याची, आणि अशा गाडींत बिनतिकिटाचीं माणसें किती असतात हें आपण सारे जाणतों. म्हणून मृतांचा आंकडा दोनशेंच्या आसपास असावा, असाही अंदाज पुढें केला गेला. इतिहास लिहिणारास येथें थबकावें लागतें. ज्याच्यापाशीं तिकिट होतें तो निदान बेरजेंत आला. ज्याच्यापाशीं नव्हतें तो मेल्यावरही मोजला गेला नाहीं. सबंध वादळांत सुमारें अठराशें माणसें मेलीं, असें सांगतात. त्या आंकड्यालाही हीच मर्यादा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्या रात्रीं पांबनच्या पुलाच्या बहुतेक तुळया समुद्रांत गेल्या. उघडझांप करणारा मधला गाळा मात्र टिकला. दुरुस्तीस प्रथम सहा महिन्यांची मुदत ठरली, मग ती तीन महिन्यांवर आणली. हें काम ई. श्रीधरन् नांवाच्या बत्तीस वर्षांच्या इंजिनियरावर सोंपविलें होतें. पडलेल्या तुळया समुद्राच्या तळांतून काढून पुन्हां बसवाव्या, असें त्यांनीं ठरविलें आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. कोंकण रेल्वेमुळें त्यांचें नांव पुढें मराठी घरांत पोंचलें, तें ह्या कामानंतर पाव शतकानें. गाड्या पुन्हां बेटावर आल्या. परंतु त्या रामेश्वरास गेल्या. जो फांटा होता तो मुख्य मार्ग झाला आणि जो मुख्य मार्ग होता तो वाळूखालीं गेला. धनुष्कोडी मद्रास सरकारनें राहण्यास अयोग्य ठरविलें.

कोणी म्हणेल, ह्यांत गूढ तें काय? वाळूच्या पट्ट्यावर, दोन समुद्रांच्या मध्यें, पुन्हां गांव वसविणें शहाणपणाचें नव्हतें. हें आम्हांस मान्य आहे. सरकारचा निर्णय चुकला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती वाळू १९१४ सालींही वाळूच होती, आणि वादळें त्या समुद्रास तेव्हांही नवीं नव्हतीं. तेव्हां हा धोका पत्करण्याजोगा वाटला, कारण पलीकडे चहाचे मळे होते, मजूर न्यावयाचे होते, आणि दोन्ही किनाऱ्यांवर राज्य एकाचें होतें. १९६५ सालीं हीं तिन्ही कारणें उरलीं नव्हतीं. यात्रेकरूंची गरज रामेश्वरावर भागत होती; म्हणून पूल बांधला गेला. लंकेची बोटही पुढें रामेश्वरहून सुटूं लागली आणि यादवी पेटेपर्यंत, म्हणजे १९८३-८४ पर्यंत, चालली. पण तिच्यांतील गर्दी आतां उलट्या दिशेची होती. शास्त्री-सिरिमावो करारानें परत धाडलेलीं कुटुंबें, ज्यांनीं भारत कधीं पाहिलाही नव्हता, तीं तिच्यांतून 'परत' येत होतीं. त्यांना उतरवून घेण्यास मंडपमचीच छावणी कामीं आली. आजोबा जेथून गळ्यांत बिल्ला घालून गेले, तेथेंच नातू गांठोडें घेऊन उतरला. वादळानें धनुष्कोडीचें स्टेशन पाडलें हें खरें. पण तें ज्या वाटेवर होतें ती वाट राज्यकर्त्यांच्या लेखण्यांनीं आधींच मोडत आणली होती. धनुष्याचें टोंक पुन्हां एकदां सेतूवर फिरलें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही तेथें गेलों. २०१७ पासून टोंकापर्यंत पक्का रस्ता झाला आहे, त्यामुळें रामेश्वरहून मोटारीनें जातां येतें. चर्चच्या पोंवळ्याच्या दगडांच्या भिंती उभ्या आहेत, स्टेशनाच्या कांहीं कमानी आणि इंजिनांची पाण्याची टांकी आहे. भोंवतीं कोळ्यांच्या झोंपड्या आहेत. सरकारनें अयोग्य ठरविलेल्या जागीं हीं माणसें मासे सुकवितात आणि शिंपल्यांच्या माळा विकतात. रूळ पुन्हां घालण्याची पायाभरणी १ मार्च २०१९ रोजीं झाली होती. पण वाळूवर रूळ पडले नाहींत. पांबनचा जुना पूलही २०२२ च्या डिसेंबरांत गाड्यांना बंद झाला, आणि ६ एप्रिल २०२५ रोजीं त्याच्या शेजारीं नवा पूल खुला झाला. त्याचा मधला गाळा यंत्रानें सरळ वर उचलला जातो. तोही रामेश्वरासाठींच आहे.

परत आल्यावर आम्ही देव्हाऱ्यांतील डबी उघडून पाहिली. आजीनें ती वाळू उचलली त्या दिवशीं फलाटावर तिच्या शेजारीं कोण कोण उभें होतें, हें तिला विचारावयाचें राहून गेलें. आम्हीं तिला देवळाविषयीं विचारलें, समुद्राविषयीं विचारलें. माणसांविषयीं विचारलें नाहीं. पुढच्या माघांत प्रयागास जावयाचें घरांत ठरत आहे. डबी बरोबर न्यावयाची आहे. आजीची राहिलेली यात्रा पुरी करावयाची, आणि त्या वाळूबरोबर ज्यांची मोजदाद झाली नाहीं त्यांच्याही नांवानें एक ओंजळ पाणी सोडावयाचें, असें आमच्या मनांत आहे.